अंधार पडला की बंद पडणारा कॅमेरा

गोदामाच्या मागच्या फाटकावरचा कॅमेरा रोज संध्याकाळी जायचा आणि उजाडलं की आपोआप सुरू व्हायचा. मालकांनी फोनवरच निकाल लावून टाकला होता. "वॉचमनच वायर काढतो. तुम्ही फक्त तसं लिहून द्या."

एका माणसाची नोकरी माझ्या सहीवर जाणार होती. मला ते सहन होईना.

आधी डीव्हीआरचा, म्हणजे कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग साठवणाऱ्या पेटीचा, लॉग उघडला. रोजची पहिली ‘व्हिडिओ लॉस’, म्हणजे चित्र गेल्याची नोंद, महिन्याच्या सुरुवातीला ६.२५ च्या आसपास, अखेरीला ६.०५ ला. मधे एकच दिवस ५.३० ला. वॉचमनकाकांना विचारलं, तर त्या दिवशी आभाळ गच्च भरून आलं होतं. वायर काढणारा माणूस घड्याळ बघेल. हा कॅमेरा उजेड बघून बंद पडत होता.

शिडी लावून अंधार पडेपर्यंत वरच थांबलो. व्होल्टेज मोजणारा मल्टिमीटर कॅमेऱ्याच्या पिनला. दिवसा ११.५ व्होल्ट. मग आत बारीक ‘टिक’ झालं, लेन्समागचा फिल्टर सरकला, आयआरचे (अंधारात बघण्यासाठीच्या इन्फ्रारेड दिव्यांचे) लाल ठिपके पेटले आणि आकडा धाडकन ९.८ वर आला. ठिपके विझले. कॅमेरा रीस्टार्ट झाला, पुन्हा टिक, पुन्हा अंधार. रात्रभर हेच चालत असणार.

सप्लायपाशी १२.२ व्होल्ट बरोबर येत होते. म्हणजे मधली सत्तर मीटर केबल. टोक सोलून तार ब्लेडने खरवडली. वरचा तांबूस मुलामा निघाला आणि आत पांढरं ॲल्युमिनियम. तांब्यापेक्षा त्याचा रेझिस्टन्स जास्त. दिवसा करंट कमी म्हणून निभावत होतं. रात्री आयआर पेटले की करंट वाढायचा आणि व्होल्टेज वाटेतच गळायचं. ज्याने कोणी ही केबल ओढली, त्याने दिवसाउजेडी टेस्ट करून काम हातावेगळं केलं होतं. या गोष्टीचा मला खरंच राग येतो. रात्रीसाठी बसवलेला कॅमेरा रात्री बघायला नको?

मालकांना बोलावून ती खरवडलेली तार आणि मीटर, दोन्ही दाखवलं. ते बराच वेळ तार बोटांत फिरवत राहिले.

दुसऱ्या दिवशी शुद्ध तांब्याची, जाड केबल ओढली. संध्याकाळी टिक झालं, लाल ठिपके पेटले. काका खाली उभे होते, मान वर करून. पाच मिनिटं झाली, दहा झाली, तरी हलले नाहीत. शेवटी मालकच म्हणाले, "काका, बसा आता."