आलेखवही, आठवडा ६ : पाच रुपयांनी सरकलेला छेदनबिंदू

मंडळी, या आठवड्यात नवीन समीकरणं फारशी झाली नाहीत. एकाच जोडीपाशी चार संध्याकाळी गेल्या, पण जे दिसलं ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

रविवारी रंकाळ्याला फेरी मारून नेहमीप्रमाणे मिसळ खायला बसलो. आमचं बिल तीन मिसळ, दोन ताक, ३२० रुपये. शेजारच्या टेबलाचं दोन मिसळ, तीन ताक, २५५. घरी येऊन मिसळीचा दर म आडव्या अक्षावर, ताकाचा त उभ्या अक्षावर घेतला. प्रमाण १ सेंमी = १० रुपये. ३म + २त = ३२० आणि २म + ३त = २५५ या रेषा (९०, २५) ला स्वच्छ छेदल्या. इथवर दहावीचंच.

मग दुसरं बिल बदललं: सात मिसळ, पाच ताक, ७५५. उत्तर तेच, पण कागदावर भलतंच दिसलं. छेदनबिंदूपासून आडवं १ सेंमी सरकलं तरी दोन रेषांत उभं अंतर जेमतेम १ मिमी. अर्ध्या मिलिमीटरच्या शिसानं काढल्यावर जवळजवळ तीन सेंटिमीटर एकच रेघ झाली. छेद नेमका कुठं, ते भिंगातूनही सांगता येईना.

आता खरी मजा. समजा बिलात पाच रुपयांची चूक झाली. २५५ चे २५० केले, तर उत्तर (९२, २२). थोडंसंच सरकलं. पण ७५५ चे ७५० केले की थेट (१००, १०)! ताक पंचवीसवरून दहावर. चूक तेवढीच, रेषा तर उलट आधीपेक्षा कमीच सरकते, पण रेषांमधला कोन चिंचोळा असला की छेदनबिंदू लांब घसरतो. वही बाजूला ठेवून पारदर्शक पट्टी सरकवून बघा, डोळ्यांना लगेच पटतं.

निश्चयक, म्हणजे म आणि त च्या सहगुणकांच्या तिरक्या गुणाकारांची वजाबाकी, काढला तर पहिल्या जोडीचा ३×३ − २×२ = ५, दुसरीचा ३×५ − २×७ = १. समीकरणं सोडवायच्या क्रेमरच्या पद्धतीत शेवटी त्यानंच भागतो, म्हणून तो लहान झाला की चूक मोठी होते. शाळेत हा आकडा काढायची रीत मी नुसती पाठ केली होती. त्याचा कोनाशी संबंध आत्ता कळला. गॅब्रिएल क्रेमरनं ही रीत १७५० साली वक्ररेषांवरच्याच ग्रंथात मांडली होती, हे मला फार आवडतं.

निश्चयक शून्य झाला की रेषा एकावर एक किंवा समांतर: ६म + ४त = ६४० म्हणजे आमचंच बिल दुप्पट, रेषेवर रेषा, उत्तरं अनंत. ६०० लिहिलं तर छेदच नाही.

पुढच्या खेपेला तिसरं चल, जादा ब्रेड. तीन चलं आली की रेषेच्या जागी प्रतल, म्हणजे सपाट पृष्ठ येतं; त्यासाठी पुठ्ठ्याची तीन प्रतलं कापून ठेवली आहेत. खाचा अजून पाडायच्या आहेत.