डायसच्या चौकीवर जाताय? आधी यान बघा

एलिट डेंजरस या अंतराळयानांच्या ऑनलाइन गेममध्ये फेब्रुवारी 2025 ला वसाहती उभारायची सोय आली आणि आमच्या ग्रुपमधल्या एकाने लगेच एक ओसाड तारा बळकावला. तिथे उभी राहिली ती डायस चौकी. नाव गेमनेच दिलं. हा डायस म्हणजे बार्थोलोम्यू डायसच, असं आम्ही आपलं धरून चाललोय. पठ्ठ्या 1488 मध्ये आफ्रिकेच्या टोकाला वळसा घालून पुढे गेला, पण खलाशी अडून बसले आणि त्याला माघारी यावं लागलं. भारत गाठला तो दहा वर्षांनी वास्को द गामाने.

माघारी यायची पाळी तुमच्यावरही येऊ शकते, कारण आउटपोस्टवर, म्हणजे अशा छोट्या चौकीवर, मोठं लँडिंग पॅड (यान उतरवायची जागा) नसतं. लांब पल्ल्याला लोक हमखास मोठ्या आकाराची अ‍ॅनाकोंडा काढतात, तिला इथे उतरता येणार नाही. गंमत म्हणजे बांधकाम चालू होतं तेव्हा इथेच टाइप-9 हे मोठं मालवाहू यान भरभरून पोलाद आणून ओतलं. काम पुरं झालं आणि टाइप-9ला प्रवेश बंद! मी क्रेट फँटम नेली. मध्यम आकाराची, आणि उडीही लांब मारते.

मध्यम पॅडही मोजकेच. मी पोचलो तर कुणाची तरी मध्यम आकाराची पायथन ऐसपैस बसलेली. साडेसात किलोमीटरच्या आत जाऊन परवानगी मागितली, नकार आला. घिरट्या घालत बसू नका. मेनूत जाऊन सोलोमध्ये, म्हणजे एकट्याने खेळायच्या मोडमध्ये, परत या. आकाशगंगा तीच, फक्त इतर खेळाडू दिसत नाहीत, त्यामुळे पॅड मोकळं मिळालं.

वाटेत तपकिरी खुजे तारे लागतात, त्यांच्याकडून इंधन भरता येत नाही. गॅलेक्सी मॅपवर ओ, बी, ए, एफ, जी, के, एम एवढेच ताऱ्यांचे वर्ग ठेवून मार्ग आखा. सुपरक्रूझमध्ये (ताऱ्याच्या परिसरातल्या वेगवान प्रवासात) पोचायला सात सेकंद उरले की थ्रॉटल, म्हणजे वेग, 75 टक्क्यांवर आणा, नाहीतर चौकी मागे टाकून पुढे जाल.

उतरणं मात्र मस्त. मोठ्या स्टेशनसारखी आत शिरायची फिरती फट नाही, पॅड सरळ उघड्या अवकाशात. चाकं टेकली तरी काचेबाहेर तारेच तारे. मुक्कामाला फारसं काही नाही, शिपयार्डची तर आशाच सोडा. वाटेतल्या ग्रहांचा डेटा विकायचा बेत असेल, तर निघण्यापूर्वी सिस्टम मॅपवर चौकी निवडून युनिव्हर्सल कार्टोग्राफिक्स (असा डेटा विकत घेणारी सेवा) आहे का ते बघून घ्या.