पोलिश क्रियापद: 'मी' आणि 'तू' पाठ करा, मूळ रूपाच्या मागे लागू नका

पोलिश शिकायला घेतलं की आपण शब्दकोशातली मूळ रूपं पाठ करायला लागतो. चिताच्य म्हणजे वाचणे, पीसाच्य म्हणजे लिहिणे, स्पाच्य म्हणजे झोपणे. तिन्हींचा शेवट एकच, त्यामुळे तिन्ही एकसारखी चालतील असं वाटतं. पण मी वाचतो म्हणजे 'चिताम', मी लिहितो म्हणजे 'पीषे' आणि मी झोपतो म्हणजे 'श्प्ये'. मूळ रूपावरून पुढचं काहीच कळत नाही. म्हणून माझा आग्रह असा की वहीत क्रियापद उतरवायचं ते 'मी' आणि 'तू' या दोन रूपांनी: चिताम-चिताष, पीषे-पीषेष, श्प्ये-श्पीष. मूळ रूप बाजूला बारीक अक्षरात लिहिलं तरी चालेल.

कोल्हापूरकराला पोलिश शिकावीशी वाटण्यामागे जवळचं वळिवडे गाव आहे. दुसऱ्या महायुद्धात घरदार सुटलेले सुमारे ५००० पोलिश लोक, त्यात बायका आणि मुलं जास्त, १९४३ ते १९४८ या काळात तिथल्या छावणीत राहिले. महावीर उद्यानात त्यांचं स्मारक आहे आणि तिकडे वॉर्सातही कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे. त्या मुलांची मुलं-नातवंडं आजही इथे येतात. त्यांच्याशी इंग्रजीत बोलता येतंच, पण त्यांच्या भाषेत दोन वाक्यं बोललो तर भेट वेगळीच होते.

आधी उच्चार. इथे मी सगळं देवनागरीत लिहितोय, तुम्ही वहीत मात्र पोलिश लिपीतच लिहा. 'च्य' हा मऊ च, त्यातला य पूर्ण म्हणायचा नाही. 'त्स' म्हणजे आपल्या 'चाक'मधला च आणि 'द्ज़' म्हणजे 'जाळ'मधला ज. हे दोन उच्चार मराठी माणसाच्या तोंडात तयारच असतात, इंग्रजीतून शिकणाऱ्यांना त्यांच्यासाठी झगडावं लागतं. 'ष' जाड, 'श' मऊ. हा फरक नीट ऐकून घ्या, कारण रूपं चालवताना ष चा श होतो. ऱ्हस्व 'ि' म्हणजे जीभ जरा मागे ओढून केलेला इ, दीर्घ 'ी' म्हणजे साधा ई. 'ोँ' नाकातून. शेपूट लावलेला ए शब्दाच्या शेवटी आला की बोलताना जवळजवळ साधा ए होतो. त्यामुळे 'मी लिहितो' आणि 'तो लिहितो' दोन्ही कानाला 'पीषे'च ऐकू येतात, लिहिताना मात्र शेपूट विसरायचं नाही.

आता चाल. सगळ्यात सोपं घराणं 'आम-आष'चं. जवळ असणे या अर्थाचं म्येच्य घ्या: माम, माष, मा, मामि, माच्ये, मायोँ. म्हणजे मी, तू, तो/ती, आम्ही, तुम्ही, ते. याच चालीवर म्येष्काम (मी राहतो), ज़्नाम (मी ओळखतो), चेकाम (मी वाट बघतो), षुकाम (मी शोधतो). पहिल्या आठवड्यात एवढंच करा.

दुसरं घराणं 'ए-एष'चं: पीषे, पीषेष, पीषे, पीषेमि, पीषेच्ये, पीषोँ. तिसरं 'ए-ईष'चं, उदाहरणार्थ बोलणे: मूव्ह्ये, मूव्हीष, मूव्ही, मूव्हीमि, मूव्हीच्ये, मूव्ह्योँ. 'मी'चं रूप ए वर संपलं की क्रियापद या दोनांपैकी कुठलं ते 'तू'वरून कळतं, म्हणूनच दोन रूपं लागतात.

आता पुस्तकात बऱ्याचदा कोपऱ्यात पडलेली एक गोष्ट, जी मला सगळ्यात मोलाची वाटते. या दोन्ही घराण्यांत 'मी' आणि 'ते' यांची जोडी असते, आणि मधली चार रूपं दुसऱ्या गटात जातात. शकणे हे क्रियापद बघा: मोगे, मोझेष, मोझे, मोझेमि, मोझेच्ये, मोगोँ. दोन्ही टोकांना ग, मध्ये झ. चालत जाणे: ईदे, ईज्येष, ईज्ये, ईज्येमि, ईज्येच्ये, ईदोँ. घेणे: ब्योरे, ब्येझेष, ब्येझे, ब्येझेमि, ब्येझेच्ये, ब्योरोँ. 'करावं लागणे'चं मुषे आणि मुषोँ, पण मधे मुशीष, मुशी, मुशीमि, मुशीच्ये. शिकणारे याला अपवाद समजून सहाही रूपं वेगवेगळी घोकतात, मग मोगे-मोगेष असं चुकीचं जोडून बसतात. 'मी'चा शेवटचा ए काढून ओँ लावला की 'ते' तयार होतं, आणि 'तू'चा ष काढला की 'तो' तयार होतं. 'तो'ला मि लावा, आम्ही. च्ये लावा, तुम्ही. दोन रूपांतून सहा निघतात ती अशी.

'मी'चं रूप म वर संपत असेल तर मात्र 'ते'ही वहीत लिहा, कारण तिथे अंदाज चालत नाही. चिताम वरून चितायोँ, रोज़ुम्येम (मला समजतं) वरून रोज़ुम्येयोँ, पण व्ह्येम (मला माहीत आहे) वरून व्ह्येद्ज़ोँ आणि येम (मी खातो) वरून येद्ज़ोँ. असणे हे मुख्य क्रियापद सरळ पाठच करायचं: येस्तेम, येस्तेश, येस्त, येस्तेश्मि, येस्तेश्च्ये, सोँ.

मूळ रूप 'ओव्हाच्य'ने संपत असेल तर मात्र ते विश्वासू आहे. प्रात्सोव्हाच्य (काम करणे) चं प्रात्सुये, प्रात्सुयेष. पार्कोव्हाच्य चं पार्कुये, द्रुकोव्हाच्य (छापणे) चं द्रुकुये. ओव्हा जातो, उये येतो. बाहेरून आलेली बरीच क्रियापदं याच साच्यात बसतात, त्यामुळे शब्दसंग्रह झपाट्याने वाढतो.

सर्वनाम बोलताना सहसा लागत नाही. 'येतोय' म्हटलं की कोण ते आपल्याला कळतं, तसंच तिथेही. प्रत्येक वाक्याला 'या' (मी) लावत बसलं की कानाला खटकतं.

'तुम्ही'चा घोळ मराठी माणूस हमखास घालतो. वडीलधाऱ्याशी बोलताना आपल्या तोंडी तुम्ही येतं, मग पोलिशमधलं अनेकवचन 'व्हि' वापरलं जातं. ते चुकीचं. 'व्हि' हे ओळखीच्या अनेकांसाठी. मान द्यायचा असेल तर पुरुषाला पान, बाईंना पानी, आणि क्रियापद 'तो/ती'चं: चि पान मूव्ही पो पोल्स्कु? म्हणजे तुम्ही पोलिश बोलता का? वळिवड्याला आलेल्या ऐंशीच्या घरातल्या आजींना 'तू'चं रूप लावलं तर ते सलगीचं होतं. समोर अनेक जण असतील तर पाइन्स्त्फो आणि 'ते'चं रूप: पाइन्स्त्फो मूव्ह्योँ.

'मला'ची वाक्यं जरा तपासून घ्या. मला पाहिजे, मला जावं लागतं, मला माहीत आहे, मला भाऊ आहे: मराठीत सगळीकडे 'मला', पोलिशमध्ये सगळीकडे 'मी'. ख़्त्से, मुषे ईश्च्य, व्ह्येम, माम ब्राता. उलट 'मला आवडतं' आणि 'मला थंडी वाजते' तिथेही 'मला'नेच होतात: पोदोबा मी श्ये, ज़ीम्नो मी. नकार क्रियापदाच्या आधी येतो, न्ये व्ह्येम. नकार आला की कर्माचं रूपही बदलतं: माम चास (वेळ आहे), पण न्ये माम चासु. 'दूध नाही' म्हणायला 'न्ये येस्त' चालत नाही, 'न्ये मा म्लेका' म्हणायचं.

भूतकाळाला जास्त वेळ द्या. वर्तमानकाळात पोलिश क्रियापद लिंग दाखवत नाही, आपलं करतो/करते तिथे नाही. भूतकाळात मात्र दाखवतं, अगदी मी आणि तू मध्येसुद्धा. पुरुष म्हणेल पीसावेम, बाई म्हणेल पीसावाम. तू: पीसावेश, पीसावाश. तो पीसाउ, ती पीसावा, ते (नपुंसकलिंगी एकवचन) पीसावो. आम्ही: पुरुष असतील किंवा घोळक्यात एक जरी पुरुष असेल तरी पीसालीश्मि, नुसत्या बायका असतील तर पीसाविश्मि. तसंच तुम्ही: पीसालीश्च्ये, पीसाविश्च्ये. शेवटी ते पीसाली, त्या पीसावि.

इथे मराठीची सवय दोन ठिकाणी आडवी येते. पहिली, आपलं क्रियापद कर्माच्या मागे जातं. मी भाकरी खाल्ली, मी भात खाल्ला. बोलणारा कोण याचा खाल्ली-खाल्लाशी संबंध नाही. पोलिशमध्ये ताटात काय आहे याला किंमत नाही, खाणारा कोण ते बघायचं. पुरुष कायम याद्वेम, बाई कायम याद्वाम. वाक्य मनात मराठीत जुळवून मग उलटं केलं की नेमकं इथेच चुकतं. दुसरी सवय खास आपल्याकडची. कोल्हापुरात मुली-बायका सर्रास 'मी आलो, मी जातो' म्हणतात. ती आपली बोली आहे आणि गोड आहे, तिला हात लावायचं कारण नाही. पण पोलिश बोलताना 'मी घरात होतो'चं भाषांतर आपसूक 'बिवेम व्ह दोमु' होतं, आणि ऐकणाऱ्याला बाईच्या तोंडून पुरुषी रूप ऐकू येतं. मुलींनी सुरुवातीपासून 'आम'चीच रूपं मोठ्याने म्हणावीत: बिवाम, पीसावाम, याद्वाम. मुलग्यांनी 'एम'ची. दोन्ही रूपं एका दमात घोकली की ऐन वेळी चुकीचं पुढे येतं.

अपवाद मोजके, पण रोजचे. चालत गेलो: पुरुष षेद्वेम, बाई ष्वाम. जवळ होतं: म्यावेम, म्यावाम, पण पुरुषी अनेकवचनात म्येली.

जाण्याबद्दल थोडं आणखी. आपण रंकाळ्यावर पायी गेलो काय, केएमटीच्या बसने गेलो काय, 'गेलो' एकच. पोलिशमध्ये पायी ईदे आणि वाहनाने यादे: यादे, येज्येष, येज्ये, येज्येमि, येज्येच्ये, यादोँ. हे आत्ताच्या, एका दिशेच्या जाण्यासाठी. रोजच्या जाण्यायेण्याला ख़ोद्ज़े (पायी) आणि येझ्द्झे (वाहनाने) अशी वेगळी क्रियापदं आहेत.

भविष्यकाळाशी क्रियापदांच्या जोड्या येतात. पीसाच्य म्हणजे लिहीत असणे, नापीसाच्य म्हणजे लिहून पूर्ण करणे. दुसऱ्याला वर्तमानकाळाचेच प्रत्यय लावायचे, पण अर्थ भविष्याचा: नापीषे म्हणजे 'लिहीन, लिहून काढीन'. 'आत्ता लिहितोय' या अर्थाने नापीषे कधीही वापरू नका. पहिल्याचा भविष्यकाळ 'बेन्दे पीसाच्य', म्हणजे लिहीत राहीन. बेन्दे, बेंज्येष, बेंज्ये, बेंज्येमि, बेंज्येच्ये, बेन्दोँ. 'ईदे'सारखीच टोकं आणि मध्य. सुरुवातीला वहीत जोडी लिहून ठेवा, पण वापरा पहिलंच. दोन्ही एकदम चालवायला घेतली की वर्तमानकाळही डळमळतो.

म्हणताना जोर शेवटून दुसऱ्या अक्षरावर द्यायचा: 'चिताम'मध्ये चि वर, 'चितामि'मध्ये ता वर. प्रमाण उच्चारात भूतकाळातल्या आम्ही-तुम्हीला तो शेवटून तिसऱ्यावर जातो, म्हणून 'पीसालीश्मि'त जोर सा वर.