माण-मारुंजीची खाचरं उपग्रहातून शोधताना

सेंटिनेल-२ या उपग्रहाच्या चित्रातला एक पिक्सेल, म्हणजे सर्वांत लहान ठिपका, दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद. म्हणजे जवळपास बरोबर एक गुंठा. हे लक्षात आलं तेव्हा प्रबंधाला खरा हुरूप आला. पुण्याजवळच्या हिंजवडी, माण, मारुंजी या मुळशी तालुक्यातल्या गावांत आयटी पार्क आल्यापासून शेतजमीन कुठे कुठे गेली, ते मला शोधायचं होतं.

जुन्या काळासाठी लँडसॅट-५ चं नोव्हेंबर १९९२ चं चित्र घेतलं. त्याचा पिक्सेल तीस मीटरचा, सुमारे नऊ गुंठ्यांचा. घर, गोठा, परसातला आंबा, सगळं त्यात एकाच रंगात मिसळतं. दोन्ही उपग्रहांची चित्रं फुकट मिळतात, नकाशे करायचं क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअरही फुकट.

पहिला नकाशा मार्चच्या चित्रावरून केला, कारण तेव्हा आभाळ निरभ्र असतं. माणचा शिवार बघते तर जिकडेतिकडे लाल, म्हणजे बांधकाम! उन्हाळ्यातली उघडी, कोरडी माती आणि काँक्रीट उपग्रहाला बरेचसे सारखे दिसतात. बांधकाम ओळखायचा एनडीबीआय निर्देशांक नेमका तिथे चुकतो. मग ऑक्टोबरची चित्रं जोडली आणि नियम ठरवला, वर्षात एकदा तरी हिरवं होतं ते बांधकाम नाही. लाल डाग आक्रसले.

तरी मन मानेना. नकाशावर कुठलेही दोनशे बिंदू टाकले आणि जमेल तितक्या ठिकाणी स्कूटरवर गेले. मारुंजीच्या पुढे एका 'शेता'त मुरमाचा रस्ता, सिमेंटचे खांब, तारेचं कुंपण आणि आत गुडघाभर गवत. शेजारच्या बांधावर बसलेले आजोबा म्हणाले, "पोरी, हितं आंबेमोहोर व्हायचा. प्लॉटिंग पडून चार वर्सं झाली."

माझ्या नकाशात ती जागा हिरवी होती. पावसाळी गवताला मी पीक समजले होते. त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण माझी पद्धत जमीन गेल्याची नोंद इमारत उभी राहिल्यावर करत होती. शेती तर त्याच्या कितीतरी आधी थांबलेली होती.

वाट सेंटिनेल-१ या दुसऱ्या उपग्रहाच्या रडारने दाखवली. रडारला ढग आडवे येत नाहीत. जुलैत लावणीच्या वेळी खाचरात पाणी उभं असतं आणि ते रडारच्या चित्रात काळं दिसतं. प्लॉटिंगच्या जागेत बांध मोडलेले, तिथे पाणी ठरत नाही. जुलैत काळं आणि ऑक्टोबरात हिरवं ते भात. नुसतंच हिरवं होणाऱ्या जागांत माळ आणि ऊसही असतो, म्हणून तिथे पुन्हा जाऊन बघितलं.

शेवटच्या नकाशात कुंपणातल्या त्या गुंठ्यांना मी वेगळा राखाडी रंग दिला. १९९२ च्या नकाशात मात्र तो रंग नाही. तेव्हाचं रडार माझ्याकडे नव्हतं, आणि नऊ गुंठ्यांच्या पिक्सेलमध्ये तारेचं कुंपण दिसत नाही.