देवदूत ऐकू यायला लागला! (पाचवा डॉक्टर, दुसरा प्रवेश)

'डॉक्टर हू' या ब्रिटिश विज्ञानमालिकेवर मी करत असलेल्या नभोनाट्यात काल रात्री देवदूत, म्हणजे कुणी बघत नसताना हलणारा दगडी पुतळा, पहिल्यांदा ऐकू आला. दगड घासल्याचा आवाज नाही, पंखांची फडफड नाही, पार्श्वसंगीत नाही, तरी हेडफोन लावून ऐकताना मान आपोआप मागे वळली. हा प्रवेश बाजूला ठेवून आधी जुडून (त्याच मालिकेतले गेंड्याच्या तोंडाचे परग्रही पोलीस) उरकायचे, असं मागच्या नोंदीत लिहिलं होतं. तो बेत रद्द.

घोडं अडलं होतं ते इथे: हे देवदूत, म्हणजे वीपिंग एंजल्स, मालिकेच्या 2007 च्या 'ब्लिंक' या भागात आले आणि त्यांची सगळी भीती डोळ्यांवर बेतलेली आहे: बघत असलात तर तो पुतळा, पापणी मिटली की तो पुढे. या मालिकेची नभोनाट्यं काढणाऱ्या बिग फिनिश कंपनीने 2016 मध्ये 'क्लासिक डॉक्टर्स, न्यू मॉन्स्टर्स'च्या पहिल्याच संचात 'फॉलन एंजल्स' घेतलं. पीटर डेव्हिसनचा पाचवा डॉक्टर (डॉक्टर म्हणजे मालिकेचा नायक, नट बदलला की क्रमांक पुढे), मायकेलअँजेलो आणि हे देवदूत! डेव्हिसनची टीव्हीवरची डॉक्टर म्हणून मुख्य कारकीर्द 1984 मध्ये संपली. नभोनाट्यात चेहऱ्याचं वय आड येत नाही, म्हणून तर ही गाठ पडू शकते. पण ऐकणाऱ्याला पुतळा दाखवायचा कसा? त्यातून माझी अट अशी, की "अरे बापरे, तो जवळ आला!" असं एकाही पात्राने म्हणायचं नाही.

आधी पाटा-वरवंटा वापरला. आवाज झकास मिळाला, खरखरीत आणि जड. पण तो ऐकू आला की देवदूत चालताना कळतो, आणि चालताना कळलेला देवदूत म्हणजे साधा राक्षस. मग 2010 च्या गोष्टीसारखा, मेलेल्या सैनिकाच्या आवाजात देवदूताला बोलता करावा, असं आमच्या गटातल्या एकाने सुचवलं. ती युक्ती उत्तम आहे, पण माझ्या प्रवेशात देवदूत गप्पच हवा. वाश्टा नेराडाला (मालिकेतले सावलीत राहून माणसं खाणारे जीव) मेलेल्याचे शेवटचे शब्द परत परत म्हणायला लावता येतात. तिथे आवाज हेच हत्यार आहे, इथे नाही.

वाट सापडली ती ओट्याच्या कामातून उरलेल्या कडप्प्याच्या तुकड्यामुळे. गोधड्या टांगलेल्या कोपऱ्यात तो तुकडा माइकजवळ धरून संवाद म्हटला आणि आवाजाचा रंगच बदलला. दगड स्वतः काहीच बोलत नाही, तो तुमचाच आवाज तुम्हाला परत देतो. म्हणजे देवदूत ऐकवायचा तो डॉक्टरच्या आवाजातून!

हिशेब सोपा आहे. ध्वनी सेकंदाला साधारण 343 मीटर जातो. पुतळा 3 मीटरवर असेल तर परावर्तन जाऊन-येऊन सुमारे 17 मिलिसेकंदांनी येतं, 1 मीटरवर 6 आणि 30 सेंटिमीटरवर पावणेदोन. एवढ्या कमी वेळात कानाला प्रतिध्वनी वेगळा कळत नाही, मूळ आवाजातच मिसळतो. पण काही कंप्रता कापल्या जातात: पावणेदोन मिलिसेकंदांना पहिली खाच 285 हर्ट्झच्या आसपास, पुढच्या तिच्या तिप्पट, पाचपट. आवाज कोंदट, पोकळ होतो. कानाशी कुणीतरी उभं आहे हे मेंदूला आधी कळतं, आपल्याला नंतर.

हातात धरलेला दगड मात्र चालला नाही. हात जरा हलला की खाचा सरकतात आणि आवाज लहरायला लागतो. देवदूत लहरत नाही, तो एका जागी असतो आणि मग दुसऱ्या जागी. म्हणून परावर्तन रीपर या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमधल्या रीडिले या साध्या विलंब-प्लगइनने दिलं. (या कामासाठी महागडे प्लगइन घेऊ नका, मिलिसेकंदाचा आकडा टाकता आला की पुरे.) पातळी मूळ आवाजापेक्षा 6 डेसिबल खाली ठेवली. खऱ्या दगडाकडून इतकं जोरात परत येत नाही, पण नाटकाला लागतं. ऑटोमेशनचे (विलंब कुठे किती बदलायचा ते सांगणारे) बिंदू चौकोनी ठेवले, तिरकी रेघ कुठेच नाही.

मग नवं दुखणं: विलंब झटक्यात बदलला की टिक् वाजायचं. सगळा आठवडा या टिकने खाल्ला. फेड (आवाज हळूहळू चढवणं-उतरवणं) देऊन पाहिले, ट्रॅक वेगळे करून पाहिले, आणि उत्तर गोष्टीतच निघालं. उडी पापणी मिटल्यावरच होते ना? माणसाची पापणी 100 ते 400 मिलिसेकंद मिटते. तेवढ्यापुरता खोलीचा आवाजही तोडायचा, डॉक्टरचा श्वाससुद्धा. मी 150 ठेवले. उडी त्या पोकळीत होते, टिकही तिथेच जातं. शिवाय पापणी ऐकू येते! "डोळे मिटू नका" एकदा म्हटलं की पुढची प्रत्येक पोकळी ऐकणारा स्वतः मोजतो.

परावर्तन उजव्या कानात टाकलंय. हेडफोनवर जागा कळते आणि फोनच्या एकाच स्पीकरवर दोन्ही बाजू मिसळल्या तरी खाचा पूर्ण पुसल्या जात नाहीत. ही बाब मला फार आवडली.

जुडून आता तिसऱ्या प्रवेशात. खरं तर हे लिहितानाच वाटतंय की तेही नकोत, सरळ दोन देवदूत घ्यावेत, प्रत्येक कानाला एक, आणि डॉक्टरने कुठे बघायचं ते ऐकणाऱ्याने ठरवावं. त्यासाठी एक गोष्ट हवी आहे. उंच छताच्या, दगडी भिंतींच्या दालनात फुगा फोडून कुणी इम्पल्स (दालन कसं घुमतं त्याचा नमुना) रेकॉर्ड केला असेल तर द्या. 48 किलोहर्ट्झची वेव्ह फाइल चालेल, एमपी3 मात्र नको.