डी५०० वर दोन बटणं, दोन एएफ मोड : भिगवण आणि कबड्डीची नोंद

मागच्या वेळी मी लिहिलं होतं की नदी सुरय या पाणपक्ष्याचे उडतानाचे फोटो सॉफ्ट (धूसर) येतायत, लेन्स तपासायला टाकतो. लेन्स एकदम ठणठणीत आहे. गडबड एएफ (ऑटोफोकस) एरिया मोडची होती, म्हणजे कॅमेरा फ्रेमच्या कुठल्या भागात आणि किती पॉइंटनी फोकस शोधतो त्याची, आणि हे कळायला मला उजनी जलाशयाकाठच्या भिगवणच्या तीन फेऱ्या लागल्या.

सेटअप तोच, निकॉन डी५०० कॅमेरा आणि २००-५०० एफ ५.६ लेन्स. एएफ-सी (सतत फोकस करत राहणारा मोड) कायम, फोकस फक्त अंगठ्याने मागच्या एएफ-ऑन बटणावर, शटर बटण फक्त क्लिकला. लेन्सचा लिमिटर (फोकसची अंतरमर्यादा ठरवणारा स्विच) ६ मीटर ते इन्फिनिटीवर ठेवलाय, त्यामुळे फोकस सुटला तरी लेन्स पार जवळच्या टोकापर्यंत जाऊन परत येत बसत नाही, होडीतून तसंही ६ मीटरच्या आत काही येत नाही.

पहिल्या दोन फेऱ्या मी सगळं ग्रुप एरियावर मारलं, म्हणजे काही पॉइंटांचा गट एकत्र फोकस शोधतो त्या मोडवर. आकाशात उडणाऱ्या पट्टकादंबांना तो मोड जबरदस्त आहे, मागे नुसतं निळं असतं, पक्षी ग्रुपमध्ये आला की लगेच पकडतो. पण सुरय पाण्याला लागून उडायला लागला की खेळ बिघडायचा. ग्रुप एरिया त्याच्या चौकटीत जे सगळ्यात जवळ असेल ते धरतो, आणि पक्ष्याच्या खालच्या लाटा आपल्याला पक्ष्यापेक्षा जवळ असतात ना! सकाळच्या तिरप्या उन्हात त्या लाटांना कॉन्ट्रास्टही भरपूर. घरी येऊन फ्रेम मोठ्या करून पाहिल्या तेव्हा पाण्याची एक पट्टी टाचणीसारखी शार्प आणि तिच्या मागे सुरय मऊ, अशा ओळीने अकरा फ्रेम सापडल्या, तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला.

तिसऱ्या फेरीला कुंभारगावातून होडीत बसायच्या आधीच बटणं बदलली. आता एएफ-ऑनवर डी२५ (मी निवडलेला एक पॉइंट, आणि पक्षी त्यावरून सरकला तर मदतीला आजूबाजूचे पॉइंट, एकूण २५), आणि मागची छोटी जॉयस्टिक दाबली की ग्रुप एरिया अधिक एएफ-ऑन. डी५०० मध्ये जॉयस्टिकच्या मधल्या दाबाला हे काम देता येतं आणि माझ्या मते या बॉडीतली हीच सगळ्यात मोलाची सोय आहे. पक्षी वर आभाळात असेल तर जॉयस्टिक, खाली पाण्यावर आला की अंगठा एएफ-ऑनवर. पहिला तासभर अंगठा गोंधळला, नंतर बसलं. १/२५०० ला सुरयच्या २१२ फ्रेम मारल्या, त्यातल्या ७४ मध्ये डोळा शार्प आहे. आधीच्या फेरीत अशा जेमतेम वीस होत्या. रोहितांना डी२५ चालतो, फक्त पॉइंट पांढऱ्या सपाट अंगावर ठेवायचा नाही, तिथे एएफला धरायला काही नसतं, मानेच्या किंवा पंखाच्या कडेवर ठेवायचा.

कबड्डीचं गणित वेगळं. तालुक्याच्या स्पर्धेत ७०-२०० एफ २.८ घेऊन मी एंड लाइनच्या मागे बसलो, म्हणजे रेडर तोंडाने माझ्याकडे येतो, पण मधे बचावपटूंच्या पाठी. ग्रुप एरिया इथे अजिबात नको, तो दर वेळी जवळची पाठच धरतो. इथेही डी२५ लावला आणि पॉइंट रेडरच्या छातीवरच्या नंबरावर ठेवला. ब्लॉक्ड शॉट एएफ रिस्पॉन्स (मधे काही आलं तर फोकस किती पटकन बदलायचा ते ठरवणारी १ ते ५ ची सेटिंग) मी पक्ष्यांना ३ वर ठेवतो, इथे ५ वर नेला, म्हणजे मधून कोणी गेलं तरी कॅमेरा लगेच त्याच्यावर उडी मारत नाही, थोडा दम धरतो. साखळी करून पकड होते तेव्हा याचा फायदा दिसला, रेडर दोघांच्या आड जाऊन परत बाहेर आला तरी फोकस त्याच्यावरच होता. पण ५ ची किंमतही आहे, एकदा फोकस चुकून पाठीवर बसला की तो तिथेच चिकटतो, अशा वेळी एएफ-ऑन सोडून परत दाबावं लागतं, आणि रेड ३० सेकंदांची असली तरी खरी झटापट दोन सेकंदात संपते.

पक्षी आणि कबड्डी दोन्ही सेटिंग्ज आता कस्टम सेटिंग्ज बँक ए आणि बी मध्ये ठेवल्यात. एक लक्षात ठेवा, बँकेत असताना काही बदललं की ते तसंच सेव्ह राहतं, मी मॅचमधला ५ एकदा भिगवणला तसाच घेऊन गेलो आणि अर्धी सकाळ सुरय का सुटतोय ते शोधत बसलो.

पुढच्या मॅचला ४ वर मारून बघणार आहे, आणि एंड लाइन सोडून बाजूच्या लॉबीजवळ बसणार, तिथून पाठी कमी मधे येतील.