गाठीची माहिती बाहेरच्या देशांत कशाला?

मिरजेत गेली अनेक वर्षे मी पॅथॉलॉजिस्ट म्हणून काम करते. कर्करोगाच्या गाठीची जनुकीय तपासणी करायचे ठरले की संमतीपत्रात एक कलम येते: नाव-गाव वगळून ही माहिती इतर देशांतील संशोधकांना देण्यास आपली हरकत आहे का? जत, कवठे महांकाळ, अथणीहून आलेले नातेवाईक नेमके तेथे थांबतात. “मॅडम, आमच्या माणसाच्या गाठीची माहिती बाहेरच्या देशांत कशाला? त्यात आमचा काय फायदा?” हा प्रश्न पुन्हा पुन्हा येतो म्हणून, आणि तो रास्त आहे म्हणून, सविस्तर लिहिते.

फुप्फुसाचा कर्करोग हा एकच रोग राहिलेला नाही. जनुकांतील बदलांनुसार त्याचे इतके प्रकार निघाले आहेत की एकेका प्रकाराचे रुग्ण जगभर विखुरलेले असतात. गेफिटिनिब ही गोळी ज्या रुग्णांना उत्तम लागू पडते त्यांच्या गाठीत पेशींच्या वाढीशी संबंधित ईजीएफआर नावाचे जनुक बदललेले असते, हे २००४ मध्ये अमेरिकेत लक्षात आले. पण पूर्व आशियातील १,२१७ रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष २००९ मध्ये आले, तेव्हाच बदल असलेल्यांना गोळी केमोपेक्षा सरस आणि बदल नसलेल्यांना केमोच बरी, हे स्पष्ट झाले. हा बदल युरोपीय रुग्णांपेक्षा आशियाई रुग्णांत पुष्कळ अधिक आढळतो. आज मिरजेतला एखादा रुग्ण सलाईन लावून पडून न राहता घरी बसून गोळी घेतो, त्यामागे हाँगकाँग, जपान, थायलंडच्या त्या अनोळखी माणसांची संमती आहे.

दुर्मीळ बदलांच्या बाबतीत तर दुसरा मार्गच नाही. एनटीआरके नावाचे जनुक चुकून दुसऱ्या जनुकाला जोडले गेल्याने होणाऱ्या कर्करोगांवरील औषधाचे पहिले मोठे निष्कर्ष २०१८ मध्ये आले, तेव्हा रुग्ण होते ५५ आणि त्यांच्या कर्करोगांचे प्रकार होते १७. नेदरलँड्समध्ये २०१६ पासून चाललेल्या ‘ड्रप’ या अभ्यासात एका कर्करोगासाठी मान्य असलेले औषध, तोच बदल असलेल्या दुसऱ्या कर्करोगावर देऊन पाहतात. रोग, बदल आणि औषध तिन्ही जुळणारे आधी आठ रुग्ण घेतात. त्यांपैकी एकाला जरी उपयोग झाला तरच आणखी सोळा घेतात. आठ हा आकडा लहान वाटतो, परंतु तिन्ही गोष्टी जुळणारी आठ माणसे एका छोट्या देशात मिळायला कित्येक वर्षे लागतात, म्हणून नॉर्वे, डेन्मार्क, फिनलंड यांनी त्याच धर्तीचे अभ्यास उभारले आणि आकडे एकत्र करण्याची वाट धरली.

आपणही नुसते घेणारे नाही. २००८ मध्ये सुरू झालेल्या आंतरराष्ट्रीय कर्करोग जीनोम प्रकल्पात (जीनोम म्हणजे पेशीतील सगळी जनुकीय माहिती) भारताने गालाच्या आतल्या भागाचा आणि हिरडीचा कर्करोग अभ्यासासाठी घेतला. तंबाखू-चुन्याची गोळी गालात धरून दिवस काढणाऱ्या आपल्या भागाला हा रोग नवा नाही. हे काम श्रीमंत देशांनी आपल्यासाठी केले नसते.

एक गोष्ट मात्र मला मनापासून सलते. काही अहवालांत लिहून येते की बदल सापडला आहे, पण त्याचा अर्थ अनिश्चित आहे. पुष्कळदा याचे कारण एवढेच असते की जगाच्या नोंदींत आपल्याकडच्या माणसांची संख्या फार थोडी आहे, त्यामुळे तो बदल आपल्यात जन्मतःच सर्रास आढळणारा की रोगाचा, हे ठरवता येत नाही. शिवाय प्रत्येक तुकडा तपासणीपर्यंत पोहोचतोच असे नाही. एका रुग्णालयातून गाठ फॉर्मेलिनऐवजी (हे तुकडा टिकवून ठेवणारे द्रावण) सलाईनच्या बाटलीत आली होती. डीएनए खराब झाले होते, आणि त्या बाईंना दुसरी बायोप्सी सोसावी लागली. त्यांच्यासमोर उभे राहून ते सांगणे मी विसरलेले नाही.

तेव्हा फायद्याचे उत्तर खरे तेच देते: तुमच्या माणसाला सही केल्यामुळे आज वेगळे औषध मिळणार नाही, आणि सही नाकारली तरी उपचारात काही कमी होणार नाही. पण ‘अर्थ अनिश्चित’ असा शेरा असलेला अहवाल मी फाइलमध्ये मिटून ठेवत नाही. जगातल्या नोंदी वाढतात तसा तो पुन्हा तपासून घेते. मागे एका रुग्णाच्या अहवालातला असा शेरा दोन वर्षांनी बदलला, तेव्हा मी त्याच्या मुलाला स्वतः फोन केला होता.